पोटाशी धरलेले वाद्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून मी आजवर आपल्याशी मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांविषयीच बोलत आलो. डॉक्टर उभा राहिला की मिठाई बंद होणार, अशी धास्ती आपल्या मंडळातील अनेकांना असते. यंदा कार्यकारिणीने विषयाची मोकळीक दिली, म्हणून आज मी एका वाद्याविषयी बोलणार आहे. ते वाद्य आपले नाही. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावरच्या चामोरो लोकांचे ते वाद्य आहे आणि त्याचे नाव बेलेंबाउतुयान. मात्र त्या परक्या वाद्यामुळे माझ्या हातून घरातच घडलेला एक प्रमाद माझ्या ध्यानी आला. त्याची कबुली आपल्यासमोर द्यावी, हाही या भाषणाचा हेतू आहे.

ग्वाम हे नाव आपल्यापैकी अनेकांनी फारसे ऐकले नसेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला मात्र ते मज्जाविकारांच्या पाठ्यपुस्तकात भेटते. स्नायू निकामी करणारा एक दुर्धर मज्जाविकार आणि कंपवातासह येणारा स्मृतिभ्रंश हे दोन आजार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या बेटावर विलक्षण प्रमाणात आढळले. १९५० च्या दशकात त्यांतील पहिल्या आजाराचे प्रमाण इतर जगाच्या मानाने पन्नास ते शंभर पट होते. चामोरो लोक या व्याधीला 'लितिको-बोदिग' म्हणतात. बेटाच्या दक्षिण टोकाकडील उमाताकसारख्या गावांत तिचा कहर सर्वाधिक होता. सायकड झाडाच्या बियांच्या पिठावर बराच संशय घेतला गेला, परंतु कारणाचा शेवटचा निवाडा अद्याप झालेला नाही. पुढील दशकांत हा आजार आपोआप ओसरत गेला. नागपूरच्या वसतिगृहात परीक्षेसाठी मी हे सारे पाठ केले होते. त्या ओळींमागे माणसे आहेत, त्यांची भाषा आहे, गाणी आहेत, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर २०१३ मध्ये मी तीन महिन्यांसाठी ग्वामच्या एका रुग्णालयात बदली डॉक्टर म्हणून गेलो. एके दिवशी एका रुग्णाचे पोट तपासताना मी नेहमीप्रमाणे डावा पंजा त्यावर ठेवून उजव्या हाताच्या बोटाने ठोके देत होतो. शेजारी उभी असलेली चामोरो परिचारिका हसून म्हणाली, "डॉक्टर, माझे काकाही पोटावर वाजवतात. तुमच्यापेक्षा बरे वाजवतात." त्या रविवारी ती मला दक्षिणेकडील आपल्या गावी काकांच्या घरी घेऊन गेली.

काका सत्तरीच्या पुढचे होते. अंगणातील झाडाखाली ते उघड्या अंगाने बसले होते. त्यांनी घरातून एक लांब काठी आणली. माणसाच्या उंचीपेक्षाही ती लांब होती. दोन्ही टोकांना बांधलेली एकच तार तिच्यावर ताणलेली होती, आणि काठीला वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्याचा एक तुंबा जोडलेला होता. काठी त्यांनी आडवी धरली, तुंब्याचे उघडे तोंड आपल्या पोटावर टेकवले आणि एका बारीक काडीने तारेवर आघात केला. चामोरो भाषेत 'तुयान' म्हणजे पोट. नावातच वाद्याची जागा सांगितलेली आहे.

आता यात पोटाचे काम काय, असे आपण विचाराल. तुंब्यातील हवा तारेचा क्षीण नाद मोठा करते. तुंबा पोटावर घट्ट दाबला की त्याचे तोंड बंद होते आणि नाद मिटल्यासारखा होतो. किंचित दूर केला की नाद उमलतो. डाव्या हाताच्या बोटांनी तारेला स्पर्श करून स्वर बदलावयाचा आणि पोटाने त्या स्वराचा रंग बदलावयाचा. म्हणजे वादकाचे शरीर हाच वाद्याचा एक भाग होय. आम्ही डॉक्टर ठोक्यांवरून आतील पोकळी आणि पाणी ओळखतो, ती युक्ती लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याचे वडील खानावळ चालवीत. पिंप किती भरले आहे हे ठोकून पाहण्याची रीत त्या घरातली. पोकळीचा नाद ओळखणारा कान वैद्याला आणि वादकाला सारखाच लागतो, हे त्या अंगणात मला प्रथम जाणवले.

मित्रहो, त्या बेटाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्याविना हे वाद्य टिकविण्याचे मोल कळणार नाही. चामोरो लोक मारियाना बेटांवर सुमारे साडेतीन हजार वर्षांपासून राहतात. १५२१ मध्ये मॅगेलनची जहाजे तेथे पोहोचली. १६६८ मध्ये स्पॅनिश मिशनऱ्यांनी ठाण मांडले आणि त्यानंतरच्या लढायांत व रोगराईत हा समाज अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अवघ्या काही हजारांवर आला. १८९८ मध्ये ग्वाम अमेरिकेच्या ताब्यात गेले. अमेरिकी नौदलाच्या प्रशासनाने १९१७ मध्ये चामोरो भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पुढे शाळांतून ती हद्दपार झाली आणि चामोरो शब्दकोश जाळण्यात आले. १९४१ ते १९४४ जपानी सैन्याची सत्ता होती. १९५० मध्ये तेथील लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. मात्र बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देता येत नाही, ते आजही. मताधिकाराचे मोल बाबासाहेबांनी १९१९ मध्येच साउथबरो समितीपुढे मांडले होते. त्यामुळे चामोरो माणसाची ही खंत आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१९७४ मध्ये चामोरो भाषेला इंग्रजीबरोबर राजभाषेचे स्थान मिळाले. तरी २०२० च्या जनगणनेनुसार ग्वामच्या सुमारे दीड लाख लोकसंख्येत चामोरो एक तृतीयांशच आहेत. आपल्याच भूमीत अल्पसंख्य झालेल्या या लोकांत बेलेंबाउतुयान वाजवणारे हात फार थोडे उरले. इनारहान गावचे हेसुस क्रिसोस्तोमो आणि उमाताकच्या देलोरेस किनाता ही त्यांतील आदराने घेतली जाणारी नावे. दोन्ही गावे दक्षिणेकडची. ज्या भागाचे नाव आम्ही आजाराच्या प्रकरणात वाचले, त्याच भागाने हे वाद्यही जपले.

येथे एक प्रश्न मी काकांना विचारला. हे वाद्य मूळचे इथलेच का? ते म्हणाले, "लोक म्हणतात, जहाजातून आले." आणि ते खरे असावे. ब्राझीलमध्ये 'बेरिंबाव' नावाचे याच घडणीचे वाद्य आहे: काठी, एक तार, भोपळ्याचा तुंबा आणि पोट. नावातील साम्यही उघड आहे. ब्राझीलमध्ये ते आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर आले. तेथून वा आफ्रिकेतून ते कोणत्या तरी जहाजाने पॅसिफिकपर्यंत पोहोचले असावे, असे अभ्यासक मानतात. आपल्या भारतातही त्याचे भावंड आहे. गुजरातमधील सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, ते 'मलुंगा' नावाचे तुंबा जोडलेले धनुष्यवाद्य वाजवतात. तेही आज मोजक्याच हातांत राहिले आहे.

मग बाहेरून आलेले वाद्य परंपरेचे कसे? माझे उत्तर असे आहे की, ज्या लोकांनी ते आपल्या लाकडाने बनविले, आपल्या भाषेत त्याला नाव दिले आणि आपल्या मुलांच्या हाती दिले, ते वाद्य त्यांचेच. जन्माने मिळालेले तेवढेच आपले आणि समजून-उमजून स्वीकारलेले ते परके, असे १९५६ नंतर आपण तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

ब्राझीलचे उदाहरण आणखी एका कारणासाठी सांगतो. बेरिंबाव हे कापोएरा या युद्धनृत्याचे वाद्य. १८८८ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली आणि दोनच वर्षांनी, १८९० च्या दंडसंहितेने कापोएरा हा गुन्हा ठरविला. तरी ते वाद्य मेले नाही. १९३० च्या दशकात मेस्त्रे बिंबा यांनी साल्वादोर शहरात उघडपणे शाळा चालविली, १९४० च्या दशकात मेस्त्रे पास्तिन्या यांनी आपली परंपरा शिकविली, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने कापोएराच्या रिंगणाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हे कशामुळे घडले? रिंगणाला बेरिंबाव लागतोच, म्हणून. शिष्य खेळ शिकतो, त्याबरोबर काठी निवडणे, तार ताणणे, तुंबा बांधणेही शिकतो. वाद्य वाजण्याचा प्रसंग जिवंत आहे, म्हणून वाद्य जिवंत आहे.

ग्वामच्या एकतारी धनुष्यामागे असे रिंगण नाही. ते बहुधा एकट्याचे वाद्य. घराघरांत रेडिओ आणि गिटार आल्यावर अंगणातील हा मंद नाद कोण ऐकणार? काकांनी यावर स्वतःपुरता मार्ग काढला होता. त्यांच्याकडे शेजारची दोन मुले येत असत. पहिले काही आठवडे ती मुले वाद्याला हातही लावत नसत. त्यांनी काकांबरोबर रानात जावयाचे आणि 'पागु' या जास्वंदीच्या कुळातील झाडाची सरळ फांदी शोधावयाची, ती सोलावयाची, सावलीत वाळवावयाची. मी विचारले, "आयते वाद्य देऊन शिकवले तर वेळ वाचणार नाही का?" ते म्हणाले, "माझे वाद्य मोडले तर त्यांचे शिकणेही मोडेल. स्वतः बनवलेले मोडले तर ती दुसरे बनवतील."

आमच्या शस्त्रक्रियेच्या शिक्षणात एक जुनी म्हण आहे: एक पाहा, एक करा, एक शिकवा. ती म्हण मी शंभरदा ऐकली होती. तिचा पुरता अर्थ मला काकांच्या अंगणात उमगला. हाताची विद्या ध्वनिफितीत मावत नाही. ध्वनिफीत नाद जपते. तार किती ताणावी, तुंबा पोटापासून केव्हा दूर करावा, हे बोटांना आणि पोटाला ठाऊक असते. ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरातच जाते, आणि त्यासाठी दोन्ही शरीरे एकाच वेळी जिवंत असावी लागतात. २०१६ मध्ये पॅसिफिक कला महोत्सव ग्वाममध्ये भरला. असे महोत्सव जरूर व्हावेत. पण महोत्सव वाद्याला श्रोते देतो. शिष्य अंगणातच मिळतो.

निघताना काकांनी मला विचारले, "तुमच्या लोकांचे वाद्य कोणते?"

मी म्हणालो, "तुणतुणे. त्यालाही एकच तार असते."

"तुमच्या घरी आहे?"

"होते."

"ते कसे बनवतात?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. आणि येथे माझी कबुली येते.

आमच्या घराण्याकडे दोन वाद्ये होती. पणजोबांकडे हलगी होती. गावच्या मिरवणुकीपुढे आणि प्रेतापुढे ती वाजविण्याची सक्ती होती. नकार देण्याची मुभा नव्हती आणि वाजविल्याबद्दल मान नव्हता. बाबासाहेबांच्या चळवळीचा विचार गावात पोहोचला तेव्हा माझ्या आजोबांनी ती हलगी चावडीवर नेऊन ठेवली आणि "आता ज्याला हवी त्याने वाजवावी," असे सांगून ते घरी आले. त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला. ती हलगी परत आणावी, असे मी कधीही म्हणणार नाही. सक्तीचे वाद्य खाली ठेवणे हीच त्या काळची मोठी कला होती.

दुसरे वाद्य आजोबांनी स्वतः निवडले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी १९३० च्या दशकात गावोगाव जागृती केली, तेव्हा आमच्या भागातही जलशाचे एक पथक उभे राहिले आणि आजोबा त्यात तुणतुणे धरू लागले. दिवसभर मजुरी करावी, रात्री कंदिलाच्या उजेडात दुसऱ्या गावी उभे राहावे. निरक्षर माणसापर्यंत चळवळ नेणारे ते वाद्य होते. चामोरो लोकांतही 'कांतान चामोरिता' नावाची गाण्याची जुनी रीत आहे. एकाने ओळी रचून टाकाव्यात, दुसऱ्याने तेथल्या तेथे उत्तर द्यावे. ती ऐकताना मला आपल्या जलशांतील सवाल-जबाब आठवले.

ते तुणतुणे वडिलांच्या घरात खुंटीवर टांगलेले होते. २००४ मध्ये वडील गेले आणि घर रिकामे करण्याची वेळ आली. धाकट्या भावाने फोनवर विचारले, "दादा, आजोबांच्या तुणतुण्याचं काय करू? चामडं फाटलंय." मी दवाखान्यात घाईत होतो. म्हणालो, "कामाचं तेवढं ठेव, बाकी देऊन टाक." ते भंगारात गेले. भावाचा दोष नाही. तो मला विचारीत होता, आणि उत्तर मी दिले होते. सक्तीची हलगी आजोबांनी विचारपूर्वक सोडली. स्वातंत्र्याने निवडलेले तुणतुणे मात्र मी विचार न करता सोडले. या दोन सोडण्यांतील अंतर ध्यानात येण्यासाठी मला पॅसिफिकमधील एका बेटावर जावे लागले.

त्यानंतर २०१५ मध्ये सुट्टीवर गेलो असता मी एका वृद्ध शाहिरांना शोधून काढले आणि चार दिवस त्यांच्या ओसरीवर बसलो. लाकडी पोकळ नळकांडे, तळाला बोकडाचे चामडे, बाजूला बांबूची कांब, तिच्या टोकाला खुंटी आणि चामड्याच्या मध्यापासून खुंटीपर्यंत एक तार. पाहावयास सोपे, करू गेलो तेव्हा शहाणपण उतरले. माझी पहिली दोन तुणतुणी फसली. पहिल्याचे चामडे मी ओले असताना पुरेसे ओढले नाही, ते वाळल्यावर सैल राहिले. दुसरे येथे आणले, तर हिवाळ्यात घर तापविण्याच्या कोरड्या हवेने ते तडकले. तिसरे आज मी सोबत आणले आहे. त्याचा आवाज फार गोड आहे, असे माझी पत्नीही म्हणत नाही. पण ते वाजते.

गेल्या वर्षापासून दर शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये मंडळातील तीन मुले येतात, त्यांत दोन मुली आहेत. काकांच्या नियमाप्रमाणे त्यांनी प्रथम वाद्य बनविले. भगवान बुद्धांनी सोण थेरांना वीणेच्या तारेचा दृष्टान्त दिला होता: अति ताणलेली नको, अति सैल नको. मी मुलांना ही कथा सांगू लागलो तेव्हा एक मुलगी म्हणाली, "काका, ते आम्हांला आता माहीत आहे. माझी तार काल तुटली."

आता आपणाकडे माझे मागणे सांगतो आणि थांबतो. आपल्या प्रत्येकाच्या घरी, येथे वा मायदेशी, कोणी वडीलधारे असतील ज्यांनी जलशात, भजनी मंडळात किंवा भीमगीतांच्या पथकात काही वाजविले, गायिले. या महिन्यात त्यांना फोन करा. केवळ "काय वाजवत होता?" एवढेच विचारू नका, "ते कसे बनवत होता, आणि कोणी शिकवले?" हेही विचारा. सुट्टीत मुलांना घेऊन गेलात तर एक दुपार त्यांच्याजवळ बसवा. आणि येत्या भीमजयंतीला आपल्या कार्यक्रमाचा आरंभ ध्वनिफितीने न करता मुलांनी स्वतः बनविलेल्या वाद्याने करावा, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. वाद्याला प्रसंग लागतो. तो प्रसंग देणे आपल्या हाती आहे.

कोणत्याही मुलावर सक्ती करू नका, ही विनंती मात्र आवर्जून करतो. आपल्या पूर्वजांच्या गळ्यात सक्तीने अडकवलेले वाद्य आपण उतरवून ठेवले आहे. मूल आपल्या इच्छेने जे उचलून पोटाशी धरील, तेच पुढे जाईल.

आता ती तीन मुले दोन मिनिटे वाजवतील. स्वर हलला तर हसू नका. चामडे मी बांधले आहे.

जयभीम.